भलं चिंतते, सही करत नाही

दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद, आणि सोबत एक धपाटा. तीन आठवडे पत्र नाही म्हणजे काय? मुख्य ऑफिसात खुर्ची मिळाली की हात झडतात का रे? आधी खोकल्याचं लिही. नुसतं 'बरा आहे' असं नको, कोरडा की ओला, सकाळी की दिवसभर, सगळं लिही.

इथलं ठीक. कंपनी तीच, तू तिकडे कागदाला कागद लावतोस आणि मी इकडे लाँड्रीत चादरीला चादर. इस्त्रीच्या हॉलची मुख्य म्हणून मला आता सहा वर्षं झाली, पण सहा मशीनं आणि चौदा बायका सांभाळताना रक्तदाब काही सांभाळला गेला नाही. डॉक्टरीणबाईंनी सरळच विचारलं की गोळी वाढवू की तुम्ही राग कमी करता? मी म्हटलं, बघते.

म्हणून दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत ध्यानाला जाते. हसू नकोस. आठ जण, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक करकरणारा पंखा. शिकवणाऱ्या बाई पूर्वी टायपिंगचा क्लास चालवत, आणि अजूनही तसंच शिकवतात: पाठ ताठ, खांदे सैल, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. बुद्धाने सांगितलेली मैत्री भावना शिकवतात. डोळे मिटून मनात म्हणायचं की सुखी असो, निर्भय असो, कुणाशी वैर नसो. आधी स्वतःसाठी, मग ज्याने आपलं भलं केलं त्याच्यासाठी, मग आवडत्या माणसासाठी, मग ज्याचं आपल्याला ना सुख ना दुःख अशा कुणासाठी, आणि शेवटी जो डोळ्यांसमोर नको असतो त्याच्यासाठी.

स्वतःपाशीच अडले. मला माझंच हसू यायला लागलं. आवडत्या माणसाच्या जागी तुला बसवलंय, फुगू नकोस, दुसरं कुणी हाताशी नव्हतं. चौथ्या जागी आमच्या मशीन नंबर तीनवरची बाई. नऊ वर्षं एका हॉलमध्ये काम करतो, पण तिच्याबद्दल मला एप्रनवरच्या आकड्यापलीकडे काही म्हणजे काही माहीत नाही. शेवटच्या जागी अर्थातच सुपरवायझर. बाई म्हणाल्या की पहिल्याच दिवशी एवढा जड माणूस नको, एखादं किरकोळ भांडण घ्या. मी म्हटलं, मी आयुष्यात अर्धं पोतं कधी उचललं नाही. त्यावर त्या म्हणाल्या की मग कंबर तुमचीच मोडणार, माझी नाही.

बाई मला आवडल्या आहेत. गरम पाणी पीत जा आणि ताईवरची माया पत्रातून दिसू दे.

तुझी,
ताई

दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वाकून करणार होतो, पण दिवसभर बसून कंबर धरली आहे, तेव्हा खुर्चीतूनच गोड मानून घे. खोकला कोरडा, सकाळचा, आणि तुझ्या पत्रानंतर निम्मा.

तू आणि 'कुणाशी वैर नसो'? अगं, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून वरच्या मजल्यावरच्या काकूंशी सात वर्षं बोलत नाहीस! सुपरवायझरचं जाऊ दे, आधी काकूंना शेवटच्या जागी बसव. बिचारा तुझा पंखासुद्धा घाबरून करकरत असेल. पण जा, नक्की जा. रक्तदाबाचं ऐकून मला खरंच काळजी वाटली होती.

आता माझी बातमी, आणि ती ऐकून तू मला पेढ्यांऐवजी निदान शाबासकी पाठव. सगळ्या लाँड्र्यांना गेलेलं ते परिपत्रक मी लिहिलं! तुला मी काय सांगणार म्हणा, पण तुमच्या मशीनवर रोलरच्या तोंडाशी बोटं वाचवायला जी आडवी दांडी असते, तिला चादरीची जाड शिवण लागली तरी मशीन बंद पडतं. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. साहेब वैतागले होते. मी वाक्य बांधलं: 'मशीन थांबण्याची अनावश्यक कारणे तातडीने दूर करावीत.' साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले की याला म्हणतात भाषा. महिनाअखेर मला कायम करणार म्हणतात, मग कंपनीचं घरही मिळेल. तू ये, दोन खोल्या आहेत, हवेशीर आहेत.

काम वाढलं असेल तर रागावू नकोस. तुझा लोभ आहेच, तो रक्तदाबासारखा वरखाली होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

दि. २७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. आज थट्टा नाही.

मंगळवारी सकाळी तीन नंबरवालीचा हात रोलरमध्ये गेला. डावा. चादरीचं टोक दुमडलं होतं, ते सरळ करायला तिने हात पुढे केला, आणि दांडी असती तर मशीन तिथल्या तिथे थांबलं असतं. दांडी वर बांधलेली होती. मी पाच पावलांवर होते. लाल बटणावर हात मारला, रोलर उलटा फिरवला, तरी तिचा हात मनगटापर्यंत भाजला आणि चिरडला. किंचाळली नाही ती. तेच मला सहन होत नाही.

आता नीट वाच. दांड्या मी बांधत होते. तुझं परिपत्रक आल्यावर सुपरवायझरने मला बोलावून सांगितलं की कारणं दूर करा म्हणजे काय ते तुम्हाला कळतंच. मला कळलं. जुन्या उशीच्या अभ्र्याच्या पट्ट्या फाडल्या आणि रोज सकाळी सहाही मशीनच्या दांड्या माझ्या हाताने वर बांधल्या. माझी गाठ पक्की बसते आणि एका ओढीत सुटते, म्हणून हे काम मी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. मला त्याचा अभिमान होता रे. गाठीचा! दांडी कशासाठी असते हे मला माहीत नव्हतं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

काल सुपरवायझर टाईप केलेला कागद घेऊन आला. 'कामगाराने स्वतःच्या सोयीसाठी दांडी बांधल्याने अपघात घडला.' खाली हॉलप्रमुख म्हणून माझी सही हवी आहे. पंधरा मार्चला कारखाना निरीक्षक चौकशीला येणार आहेत, त्याच्या आत. वर मला म्हणाला की तुम्ही ध्यानाबिनाला जाता, तुमचं मन मोठं, विषय वाढवू नका. मी कागद घडी करून एप्रनच्या खिशात घातला. सही केलेली नाही.

आज ध्यानाला बसले तर मैत्री कसली नि काय, नुसती आग. बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या की आग दिसली हे बरं झालं, इतके दिवस ती खुर्चीखाली लपवून बसत होतात.

तुझ्याकडे परिपत्रकाची प्रत असेलच. ती जपून ठेव.

तुझी,
ताई

दि. ३ मार्च

ती. ताईस,

सा. न. तुझं पत्र चार वेळा वाचलं.

ताई, पाया पडतो, सही करून टाक. दांडीचा विषय निघाला की कुणी बांधायला सांगितली ते निघणार, आणि मग कागद मागवतील. कागद माझा आहे. साहेबांचं त्यावर अक्षरसुद्धा नाही, खाली मसुदा करणारा म्हणून फक्त माझं नाव. मी 'दांडी' हा शब्द लिहिलेला नाही, पण ते कोण ऐकणार? पाच वर्षं हंगामी म्हणून घासलीत मी. कायम होण्याचा कागद टेबलावर आहे, नुसता शिक्का उमटायचा राहिलाय.

तुझ्या सहीने तिचा हात बरा होणार आहे का? साहेब म्हणतात की तिला गुपचूप काहीतरी देतील, उपचारही करतील. कुणाचंच फार वाईट होणार नाही. आणि हे बघ, मीही थोडं वाचलंय. तुमच्या त्या ध्यानात समता शिकवतात ना? सुख येवो, दुःख येवो, मन हलू द्यायचं नाही. मग नको हलू. शांत बस. सगळ्या जगाचं भलं चिंतणाऱ्या बाईने सख्ख्या भावाच्या मुळावर यावं, हे कुठल्या बुद्धाने सांगितलंय?

आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. माझी दप्तरं तू शिवलीस, माझ्या फीसाठी तू शाळा सोडलीस. ज्याला एवढं उभं केलंस त्याला स्वतःच पाडू नकोस. एवढीच माया माग‌तो, आणि पहिल्यांदाच मागतो.

तुझा,
धाकटा

दि. ८ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद, नेहमीइतकेच. एकही कमी केलेला नाही.

सही करणार नाही. हे पहिल्यांदा लिहून टाकते, म्हणजे तू पुढचं पत्र आशेने वाचणार नाहीस.

आता तुझ्या समतेचं. मी बाईंना विचारलं, तुझं नाव न घेता. त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की पुढच्या खोलीतले वर्तमानपत्र वाचणारे डोकावून गेले. म्हणाल्या की मन हलू द्यायचं नाही ते खरं सांगताना, खरं गिळताना नव्हे. गप्प बसायला ध्यान कशाला लागतं? ते तर भीतीलाही जमतं. मला पटलं. धाकट्या, माझ्या शांतपणाची तुला कुणाच्या तरी डोक्याखालची उशी करायची आहे, आणि ती मी करू देणार नाही. ना तुला, ना सुपरवायझरला, ना तुझ्या भाषाप्रेमी साहेबांना.

मी तीन नंबरवालीकडे गेले होते. दोन जिने चढून एकच खोली, खिडकीत शिवणयंत्र. नऊ वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं की ती डावखुरी आहे. संध्याकाळी ती लोकांचे कपडे शिवून देते. द्यायची. आठवडेच्या आठवडे रोज घरी मी डोळे मिटून तिचं भलं चिंतत होते, ती निर्भय असो म्हणत होते, आणि डोळे उघडून तिच्याच मशीनची दांडी बांधत होते! यापेक्षा मूर्ख बाई तुला दाखवता येईल का? मला त्या खोलीत जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

मी तिला सांगितलं की गाठ माझी होती. ती म्हणाली की तिला ठाऊक आहे, हॉलमध्ये तशी गाठ दुसऱ्या कुणाला येत नाही. रडली नाही, रागावली नाही. फक्त विचारलं की हे चौकशीतही सांगाल का? मी हो म्हटलं. तू म्हणतोस कुणाचंच फार वाईट होणार नाही. तिच्या खोलीत जाऊन हेच वाक्य म्हणून दाखव.

तेव्हा पंधरा तारखेला मी काय सांगणार ते तुला आधीच कळवते, पाठीमागून वार करणार नाही. दांडी मी बांधली. सुपरवायझरने सांगितलं म्हणून बांधली. त्याने परिपत्रकावरून सांगितलं, आणि ते माझ्या भावाने लिहिलं. कुणाला वगळणार नाही, आणि सुरुवात माझ्यापासून करणार.

तू विचारशील की मग तुझी मैत्री कुठे गेली? सांगते. सुपरवायझरसाठी आता ते शब्द मला खरेच म्हणता येतात. त्याच्यासाठी चांगलं चिंतते म्हणजे त्याने आयुष्यभर खोटे कागद घेऊन बायकांमागे फिरू नये असं चिंतते. तुझंही तेच. गेल्या शनिवारी तुला आवडत्या जागेवरून उठवून शेवटच्या जागी बसवलं. फार जड गेलं. अर्धा तास घामाघूम झाले, पण शब्द म्हटले, एकही न गाळता. तू माझा शत्रू नाहीस, पण आज तू माझ्या वाटेत उभा आहेस, आणि मी वळून जाणार नाही.

मी तुला पाडत नाहीये रे. तू ज्यावर उभा आहेस त्याच्या खाली एका बाईचा हात आहे, एवढंच सांगतेय.

खोकल्याचं औषध पाठवलं आहे, रागाने टाकून देऊ नकोस. माया कमी झाली असं वाटलं तर पत्र पुन्हा वाच.

तुझी,
ताई

दि. ११ मार्च

ती. ताईस,

नमस्कार.

तुला हवं तेच तू करतेस, लहानपणापासून बघतोय. माझ्या भल्याच्या नावाखाली मला संपवायचं असेल तर खुशाल संपव, पण वर भलं चिंतते म्हणून लिहू नकोस, ते जास्त लागतं. चौकशीला कंपनीतर्फे साहेबांबरोबर मी येणार आहे. समोरच बसेन. माझ्याकडे बघू नकोस, मी बघणार नाही.

औषध परत पाठवत आहे.

धाकटा

दि. २२ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. उत्तर येणार नाही हे धरूनच लिहिते आहे, आणि तरीही लिहिते आहे, कारण मला कुणी थांबवलेलं नाही.

चौकशीत काय झालं ते तू पाहिलंसच. माझा आवाज कापत होता. हे मी लपवत नाही. निरीक्षकांनी विचारलं की यात तुम्ही स्वतःवरही दोष ओढवून घेत आहात हे कळतंय का? मला कळत होतं. तू टेबलाकडे बघत होतास. मी मात्र तुझ्याकडे बघितलं, बजावलं होतंस तरी बघितलं. अंगावर शर्ट ढगळ झालाय तुझ्या.

तुला निलंबित केल्याचं मला हॉलमधूनच कळलं. मलाही हॉलप्रमुख पदावरून काढून मळक्या कपड्यांच्या वर्गवारीवर टाकलं आहे. पुढे काय करतील ते त्यांचं त्यांना माहीत. इथे हॉस्पिटलच्या चादरी, रक्ताचे डाग, नाकाला फडकं. असू दे. रक्तदाब, तुला खोटं वाटेल, उतरला आहे. डॉक्टरीणबाईंनी यंत्र बदलून पुन्हा मोजला.

पण तू गेल्यावरचं ऐक. दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझरने नव्या हॉलप्रमुखाला पट्ट्या दिल्या. तिने त्या घेतल्या आणि त्याच पट्ट्यांनी टेबल पुसलं. पाच नंबरवालीला दिल्या, तिने नाक शिंकरलं. सगळ्या दांड्या खाली, जिथे असायला हव्यात तिथे. मशीनं दिवसभर थांबत राहिली, आणि दर वेळी थांबलं की बायका हात बांधून शांत उभ्या, मग पुन्हा सुरू. मी वर्गवारीच्या खोलीतून ते थांबणं ऐकत होते. इतकं बरं मला किती वर्षांत वाटलं नव्हतं. सुपरवायझर शेवटी कपड्यांच्या टोपलीवर बसून राहिला. त्याचा चेहरा उतरलेला बघून माझ्या मनात आपसूक आलं की याचं भलं होवो. कुणी सांगितलं नव्हतं, शनिवारही नव्हता.

आता मुद्द्याचं. मी माफी मागत नाही. मागितली तर ती खोटी असेल, आणि आपल्यात आधीच एक खोटा कागद येऊन गेलाय. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच सांगेन, न कापता सांगायचा प्रयत्न करेन एवढंच. पण कंपनीचं घर नाही म्हणून तू रस्त्यावर नाहीस. इथे तुझी खाट आहे. भांडायला ये, बोलू नकोस, तोंड फिरवून जेव, पण ये. तुला शेवटच्या जागेवरून मी अजून उठवलेलं नाही, आणि रोज तुझ्यापाशी इतरांपेक्षा जास्त वेळ थांबते आहे.

वाट बघणारी,
ताई

दि. ४ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. या वेळी उभं राहून.

तू माफी मागितली असतीस तर मी उत्तर लिहिलं नसतं. तशी वाटच बघत होतो, म्हणजे मला आणखी चार महिने रागावून बसता आलं असतं. ते सुखही तू ठेवलं नाहीस.

परवा मी निरीक्षकांच्या ऑफिसात गेलो आणि माझं म्हणणं लेखी दिलं. साहेबांनी तोंडी काय सांगितलं होतं ते, आणि मला त्याचा अर्थ लिहितानाच पक्का ठाऊक होता तेही. दुसरं लिहिताना पेन तीनदा खाली ठेवला. साधी वाक्यं लिहिली, कुणी शाबासकी देणार नाही अशी. साहेबांचा निरोप आला की तुझी पुढची नोकरीही आता कठीण आहे. मी कळवलं की कठीण तर कठीण.

मग तीन नंबरवालीकडे गेलो. तू लिहिलं होतंस ना, तिच्या खोलीत जाऊन ते वाक्य म्हणून दाखव? दोन जिने चढलो. तिने दार उघडलं, हाताला अजून पट्टी आहे. मी कोण ते सांगितलं. तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि दार लावलं. आपटलं नाही, लावलं.

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसलो, ताई. तुझे ते शब्द म्हणून बघितले. स्वतःपाशीच अडलो. तिच्यासाठी म्हटले, सुखी असो, निर्भय असो, आणि पुढचं मात्र बदललं. माझ्याशी तिचं वैर नसो असं म्हणायचा मला काय अधिकार? असू दे तिचं वैर, हवं तितके दिवस. दार तिचं आहे.

रविवारी दुपारच्या गाडीने येतो. भांडण तयार ठेव, तुझ्या बाजूचं. माझ्याकडचं आता फारसं उरलेलं नाही.

तुझाच,
धाकटा